पाच नावांची यादी

सलगरांनी बोर्डिंग पासचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि नेहमीसारखे लगेच गेले नाहीत. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. माझे मैल किती झाले असतील आता?"

"तुमचे एकही नाहीत," मी तुकडे रजिस्टरमध्ये चिकटवत म्हटलं. "मैल कंपनीचे असतात, सलगर. परिपत्रक वाचलं नाहीत वाटतं."

"वाचलंय. मग कंपनीचे माझ्या नावावर किती झाले असतील?"

मला हसू आलं. हा माणूस महिन्यातून बोलायचा पाच वाक्यं, पण त्यातलं एखादं असं असायचं.

ही गोष्ट दोन हजार सालची. भोसरीतली आमची कंपनी वीजकेंद्रांसाठी मोठे पंप बनवायची आणि महादेव सलगर ते पंप जागेवर बसवून चालू करून द्यायचे. अकरा वर्षं नोकरी झाली होती आणि महिन्यातले वीस दिवस ते बाहेर असायचे. त्यांची तिकिटं, हॉटेलं, व्हिसे हे सगळं मी एकटी बघायची. विमानकंपनी प्रत्येक प्रवासाचे मैल प्रवाशाच्या नावावर जमा करायची आणि पुरेसे मैल साठले की एक तिकीट फुकट द्यायची. आमच्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं: तिकिटाचे पैसे आम्ही भरतो, तेव्हा मैलही आमचे. कंपनीच्या नावाने सभासदत्व मिळत नव्हतं, म्हणून ते ज्याच्या त्याच्या नावाने काढलेलं होतं. कार्डं मात्र माझ्या कपाटात. विमानकंपनीची पत्रंसुद्धा ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि नाव कोणाचंही असो, ती मीच फोडायची. वाचलेल्या तिकिटांतून कंपनीचा खर्च कमी होईल असं परिपत्रकात लिहिलं होतं. प्रत्यक्षात बरेचसे मैल मे महिन्यात मोठ्या साहेबांच्या घरच्यांना सुट्टीवर घेऊन जायचे. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी कपाट उघडून कागद बघितला. "एक लाख चौदा हजार. म्हणजे पृथ्वीभोवती साडेचार फेऱ्या मारल्यात तुम्ही."

"आणि आमच्या आईनं अजून पुणं बघितलेलं नाही," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. अकरा वर्षांत ते माझ्यासमोर पहिल्यांदा बसत होते.

त्यांची बहीण तारा दुर्गापूरला असायची. तिचा नवरा तिथल्या कारखान्याच्या बंदोबस्तावर होता. ताराच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, फार तर दीड. सलगर कामानिमित्त तिकडे जायचे तेव्हा तिला भेटून यायचे. आईने मात्र तिला चार वर्षांत बघितलं नव्हतं. आई सांगोल्याजवळच्या एका वाडीत राहायची. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला होता. काठी घेऊन अंगणापर्यंत चालायची, पण रेल्वेत दोन रात्री बसून जाणं तिला शक्य नव्हतं.

"विमानाने तीन तासांचं काम आहे, पुढे थोडी गाडी," सलगर म्हणाले. "तिकीट काढायला गेलो तर दोन महिन्यांचा पगार जातोय, आणि ताराच्या औषधाला पाठवतोय तेच पुरं पडत नाही. परतीचं राहू द्या मॅडम. नुसतं जायचं मिळालं तरी चालेल. परत आणायचं मी बघतो काहीतरी."

"अर्ज द्या. मी स्वतः घेऊन जाते."

उठताना त्यांनी खिशातून बडीशेपेची पुडी काढून टेबलावर ठेवली. विमानात जेवणाबरोबर जे मिळायचं, साखरेच्या, मिठाच्या, बडीशेपेच्या पुड्या, ते सगळं ते जपून आणायचे. एक बडीशेप मला, बाकीचं आईला. वाडीतल्या घरी आईने त्या पुड्यांनी एक डबा भरला होता म्हणे. पाहुणे आले की उघडून दाखवायची, पण वापरायची नाही.

आमचे हुपरीकर साहेब प्रशासन बघायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीमागे एक रांग दिसायची.

"पानसेबाई, आज सलगरच्या आईला दिलं, उद्या कुलकर्णीची सासू येईल. मग मी कुठे कुठे बघू?"

"साहेब, बहीण मरायला टेकली आहे त्यांची."

"मी नाही म्हणतोय का? वाईट मलाही वाटतं. पण नियम म्हणजे नियम." त्यांनी अर्जावर लाल शाईने 'धोरणात बसत नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांची सही फार देखणी होती.

मी तो अर्ज सलगरांना दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कोरब्याच्या वीजकेंद्रावर निघून गेले.

आठव्या दिवशी चक्रं फिरली. दुर्गापूरजवळच्या एका वीजकेंद्रातला आमचा पंप बंद पडला आणि तिथून तासातासाला फोन येऊ लागले. तो पंप सलगरांनीच बसवलेला होता, दुसऱ्या कोणाचा हात तिथे चालला नसता. कोरब्याहून ते थेट ऑफिसला आले, हुपरीकरांच्या खोलीत गेले आणि मी दाराशी उभी असताना म्हणाले, "जातो साहेब. उद्याच जातो. पण आईला बरोबर घेऊन जाईन."

आवाज चढलेला नव्हता. तरी हुपरीकर दोन मिनिटं पेनशी खेळत बसले, मग मोठ्या साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता.

"साहेब हो म्हणाले. म्हणाले, एवढ्यासाठी माझ्याकडे यायचं कशाला. करा बाई तिकीट."

मला इतका आनंद झाला की सलगरांना समोर बसवूनच मी विमानकंपनीला फोन लावला. सभासद क्रमांक पाठ होता. पलीकडच्या मुलीने विचारलं, प्रवासी कोण? मी सांगितलं, केराबाई सलगर, वय अडुसष्ट, सभासदाची आई.

"मॅडम, हे नाव यादीत नाही."

"कसली यादी?" मी विचारलं. खरं तर मला माहीत होतं कसली.

सभासद आपल्या मैलांवर स्वतः जाऊ शकतो, नाहीतर त्याने आधी लिहून दिलेल्या पाच जणांना पाठवू शकतो. फॉर्मवर तशा पाच ओळी असतात. मुलीने सलगरांच्या नावापुढची पाच नावं वाचून दाखवली. मोठे साहेब. वहिनीसाहेब. त्यांचे दोन मुलगे. आणि वहिनीसाहेबांची आई.

"एक नाव काढून हे घाला," मी म्हटलं.

"काढता येईल मॅडम. पण बदल केला तर नवीन नाव तीस दिवसांनी लागू होतं. एखादी ओळ रिकामी असती तर आज फॅक्सवर नाव घेऊन मी आजच तिकीट दिलं असतं. पाचही भरलेल्या आहेत."

मी विनवण्या केल्या. आजारपणाचं सांगितलं, डॉक्टरांचं पत्र पाठवते म्हटलं. मुलगी बिचारी चांगली होती, वरच्यांना विचारून आली. नाही झालं. मी फोन ठेवला. सलगरांनी सगळं ऐकलंच होतं.

मी तडक हुपरीकरांकडे गेले. म्हटलं, साहेब, सलगर सभासद आहेत, त्यांना मैलांवर पाठवते. त्यांच्या तिकिटाचे जे पैसे वाचतील त्यात आईचं तिकीट काढू. कंपनीला एक पैसा जास्त पडत नाही.

"बाहेरच्या बाईचं तिकीट कंपनीच्या खर्चात? ऑडिटवाल्यांना काय दाखवू?" त्यांनी हात जोडले. "मैलांवर काय हवं ते करा, मी अडवत नाही. पण पैशाचं मला सांगू नका."

माझ्याकडे त्या वेळी स्वतःचे पैसे होते. आम्ही दोघं फ्लॅटसाठी साठवत होतो. ते द्यावेत असं माझ्या मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही.

परत आले तेव्हा सलगर तसेच बसलेले होते.

"ती नावं कोणी घातली मॅडम?" त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती, नुसतं विचारलं. "मी तर नाही घातली."

"मुंबईच्या एजंटने," मी म्हटलं. "फॉर्म तिकडूनच भरून जायचे."

"त्याला बिचाऱ्याला काय माहीत," ते म्हणाले आणि उठले.

नाव बदलण्याचा कागद मी त्याच संध्याकाळी पाठवला. पाचवं नाव काढलं, तिथे केराबाई सलगर लिहिलं. सलगरांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी एकटे दुर्गापूरला गेले. दोन दिवसांत पंप चालू केला, मग रजा टाकून तिथेच राहिले. रोज दुपारी मी कॅलेंडरवर एक दिवस खोडायची. देवाला म्हणायची, तीस होऊ देत, फक्त तीस.

तारा एकोणिसाव्या दिवशी गेली.

वाडीत फोन फक्त दूध डेअरीत होता. डेअरीतला माणूस सांगायला गेला तेव्हा आई अंगणात पिशवी भरत बसली होती म्हणे. तीस दिवस झाले की निघायचं एवढं तिला कळवलेलं होतं, म्हणून ती आधीपासूनच तयारीला लागली होती. सलगरांनी हे मला परत आल्यावर सांगितलं, बोर्डिंग पासचे तुकडे देता देता. त्या दिवशीही त्यांनी बडीशेपेची पुडी ठेवली. मला ती उचलवेना.

एकतिसाव्या दिवशी विमानकंपनीचं पाकीट आलं. काय असणार ते मला माहीत होतं. इतक्या वर्षांत सलगरांच्या नावाचं पाकीट मी पहिल्यांदाच फोडलं नाही. ते त्यांचं होतं, त्यांनीच उघडावं असं मला वाटलं. वर्कशॉपमध्ये जाऊन मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात पुसले, पाकीट उघडलं, आतले कागद वाचले. बराच वेळ वाचत होते.

"आलं का नाव?" मी विचारलं.

"आलं," ते म्हणाले. कागद परत पाकिटात घातले आणि पाकीट शर्टाच्या आत ठेवलं.

चार दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. "आई म्हणतेय, जायचं. तारा नाही तर नाही, तिचं घर तरी बघते म्हणतेय. मिळेल का आता तिकीट?"

एका फोनवर तिकीट झालं. जायचंही आणि यायचंही.

मायलेक निघणार होते त्या दिवशी मला व्हिसाच्या कामासाठी मुंबईला जायचंच होतं. म्हणून विमानतळावरही जाऊन येते असं मी ऑफिसात सांगितलं होतं. खरं सांगायचं तर व्हिसाचं काम मी मुद्दाम त्या दिवशी घेतलं होतं.

केराबाई दाराबाहेर सामानाच्या गाडीवर टेकून उभ्या होत्या. ठेंगणीठुसकी बाई, हिरवं नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने पोटाशी धरलेली कापडी पिशवी. सलगरांनी ओळख करून दिली तशी त्यांनी काठी मुलाकडे दिली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं.

"तूच व्हय ती? म्हादा सांगतुया, माझं नाव घालायला लई खटपट केली बाईनं. सायबाशी भांडली म्हणं."

"नाही हो आई, कसलं काय."

"तसं कसं? कोण करतंय कुणासाठी? आमचा म्हातारा मेंढरं सोडून येत न्हाई, म्हनला तूच जा. तुझ्यामुळं लेकीचं घर तरी बघाया मिळतंय बघ."

मी मान खाली घातली. मान खाली घालायला मला कारण होतं. ते इतका वेळ मी सांगितलेलं नाही. मुंबईचा कुठलाही एजंट नव्हता. कामावर रुजू होताना प्रत्येकाकडून सात-आठ कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायची आमच्याकडे पद्धत होती. फुली आहे तिथे सही करा म्हटलं की लोक करायचे, काय लिहिलंय ते कोणी बघायचं नाही. विमानकंपनीचं सभासदत्व सुरू झालं तेव्हा त्याचे फॉर्मही मी तसेच कोरे फिरवून जुन्या-नव्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नंतर सगळ्यांच्या यादीत मोठ्या साहेबांच्या घरची नावं भरायला हुपरीकरांनी सांगितलं. घरची माणसं चार होती. पाचवी ओळ रिकामी राहत होती. ती रिकामी राहिली तर उद्या कोणीतरी त्यात आपली बायको घालेल, हे माझ्या डोक्यात आलं, हुपरीकरांच्या नाही. मी स्वतः वहिनीसाहेबांना फोन करून त्यांच्या आईचं नाव विचारलं आणि बेचाळीस फॉर्मवर माझ्या हाताने लिहिलं. त्या म्हातारीला विमानाची धास्ती होती. ती कधी बसली नाही आणि बसणारही नव्हती. त्या दिवाळीत हुपरीकरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि लक्ष्मीचं चांदीचं नाणं दिलं.

हे त्या क्षणी केराबाईंना सांगावं असं मला फार वाटलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात सलगरांचं लक्ष आईच्या पिशवीकडे गेलं.

"आई, यात नारळ हाय का?"

"हाय की. ओटी हाय."

"नारळ नेऊ देत न्हाईत विमानात. हातात न्हाई आन सामानात बी न्हाई. आत गेल्यावर काढून टाकतील."

"काढून टाकतील म्हंजी? ओटीचा नारळ?"

"तेंचा नियम हाय, आई."

केराबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सवाष्ण गेली गं माझी तारी. जाताना म्हायेरची ओटी पायजे हुती, ती ऱ्हायली. म्हनलं, फोटूम्होरं तरी ठिवावी." त्यांनी पिशवी उघडली. आत खण होता, तांदूळ होते, हळकुंड, सुपारी, आणि शेंडी ठेवून सोललेला नारळ. त्यांच्या त्या डब्यातल्या साखरेच्या दोन पुड्याही होत्या. ताराला द्यायला घेतल्या असाव्यात आणि काढायच्या राहिल्या असाव्यात.

"तुझं लगीन झालंय न्हवं?"

"हो. दीड वर्ष झालं."

"मग पदर धर."

मी पंजाबी ड्रेस घातला होता. लोक सामानाच्या गाड्या घेऊन दोन्ही बाजूंनी जात होते, कोणीतरी मला बाजूला सरका म्हणालंही. मी ओढणी पसरली. केराबाईंनी त्यात मूठभर तांदूळ घातले, त्यावर नारळ ठेवला, तो माझ्या पोटाला टेकवला आणि कुंकवाची डबी शोधून माझ्या कपाळाला बोट लावलं.

"खण तिच्या म्होरं ठेवते. ह्यो नारळ तुझा. तारीला दिला आन तुला दिला, माझ्या लेखी एकच."

मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं, मला तारासाठी रडू येतंय. त्याच माझी पाठ थोपटत राहिल्या.

सलगर तिकिटं दाखवायला पुढे झाले होते, ते परत आले. आईला दाराशी उभं करून, सामानाची गाडी वळवता वळवता माझ्याजवळ थांबले. आवाज नेहमीसारखाच होता.

"मॅडम, त्या पाकिटात रद्द झालेल्या जुन्या फॉर्मची झेरॉक्स होती. अकरा वर्षं तुमच्या हातचे कागद घेऊन फिरतोय. अक्षर ओळखतो मी."

मी ओटी धरून उभी होते.

"आईला मी एजंटच सांगितलंय," ते म्हणाले. "तुम्हीही तेच सांगा."

मग ते आईला धरून आत गेले. काचेतून केराबाईंनी वळून हात केला. माझे दोन्ही हात ओढणीत होते, मी मान हलवली.

सलगर त्यानंतर सहा वर्षं कंपनीत होते. प्रत्येक दौऱ्याहून आले की बोर्डिंग पासचे तुकडे ठेवायचे आणि शेजारी बडीशेपेची पुडी ठेवायचे. त्या विषयावर आम्ही परत कधी बोललो नाही. केराबाई आणखी चार वर्षं जगल्या. त्यांना मी काही सांगितलं नाही.

ओटीचा नारळ दुसऱ्या कोणाला देत नाहीत, घरीच फोडून खातात. माझ्या सासूबाई चार-सहा दिवस आठवण करत राहिल्या, मग त्यांनी सोडून दिलं. मी तो देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या नाण्याशेजारी ठेवला आहे. आता त्यातलं पाणी आटलं आहे आणि खोबऱ्याचा गोटा करवंटीपासून सुटला आहे. देव्हारा पुसायला उचलला की आत वाजतो. मी पुसून घेते आणि दोन्ही पुन्हा जागेवर ठेवते.